मोबदला घेतला का? होय

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आधी एक दुरुस्ती. ९ ऑक्टोबरच्या नोंदीत मी लिहिलं आहे : "जनकाबाई एकदम ओरडल्या, मी दचकले आणि स्टिअरिंग वळलं." हे खरं नाही. उजवीकडच्या तुरीतून रोही, नीलगायीचा नर, बाहेर आला, तो मी पाहिला, गाडी मी डावीकडे घेतली, पुलाच्या कडेवरून ती खाली गेली, आणि मग जनकाबाई ओरडल्या. क्रम असा आहे. त्या संध्याकाळी मी तो उलटा लिहिला. जुनं वाक्य खोडत नाही. बाबा म्हणायचे, चुकलेलं तसंच ठेवायचं, खाली तारीख टाकून दुरुस्ती लिहायची.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली होती. अपघातानंतर दवाखान्यात, गाडीत सोबत असलेल्या शेजारच्या पद्माबाई भेटेल त्याला सांगत होत्या, "ही बाई केवढ्यानं बोंबलली! पोरीच्या हातातली गाडीच सुटली ना मग." जनकाबाई शेजारच्या खाटेवर मोडलेलं मनगट धरून बसल्या होत्या. मी सगळं ऐकत होते. मी काही बोलले नाही.

तेव्हापासून जनकाबाई माझ्याशी बोलत नाहीत. गल्लीत समोरून आल्या की पदर ओढून वळतात. मनगट माझ्यामुळे मोडलं. राग साहजिक आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

विमा कंपनीचं पत्र आलं. गाडी दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे हे त्यांना मान्य आहे. पॉलिसीवर तिची किंमत दोन लाख दहा हजार. पण "अपघातसमयी वाहन मोबदला घेऊन वापरात असल्याचे विमाधारकाने स्वतः नमूद केल्याने" चौथा हिस्सा कापून बाकी देऊ केले आहेत. सोबत संमतीपत्र आहे. त्यावर सही केली की दावा कायमचा मिटला.

"स्वतः नमूद केल्याने" हे मी चार वेळा वाचलं.

सोमेश्वर एजंटला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कंपनी काहून कापणार न्हाई? चाकू तुमीच दिलाय त्यांच्या हातात. शेकड्यानं फॉर्म गेले माझ्या हाताखालून. त्या रकान्यात 'होय' लिहिणारी तुमी पहिल्या."

"पण त्यांनी विचारलं होतं ना."

"विचारतात हो. समदेच विचारतात."

शनिवार, ८ नोव्हेंबर

फॉर्मची झेरॉक्स काढून बसले. रकाना चौदा : प्रवाशांकडून भाडे किंवा मोबदला घेतला का? माझं उत्तर : होय. दोन महिलांनी उतरताना प्रत्येकी वीस रुपये दिले. त्याच्याखाली, जागा नव्हती तरी बारीक अक्षरात : सदर रक्कम पेट्रोलसाठी वापरली.

असं उत्तर का लिहिलं ते मला माहीत आहे. बाबा औंढ्याच्या तहसीलमध्ये कारकून होते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून ते मला ऑफिसात न्यायचे. सात वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे त्यांच्या टेबलाशेजारची सतरंजी. पाटी नव्हती, रद्दीतले कोरे फॉर्म होते. मी वाचलेला पहिला शब्द 'अर्जदाराचे' आहे. नाव, वय, राहणार. एखादा रकाना सोडला की बाबा पेन्सिलीनं त्यावर टिचकी मारायचे. "सपना, कोऱ्या रकान्यात दुसरंच कोणीतरी लिहितं."

गाडी बाबांची होती. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी घेतली, मला शिकवली, आणि गेल्या वर्षी श्रावणात ते गेले. मी हिंगोलीत एका खासगी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर आहे. आठला खिडकी उघडते. जवळा बाजारहून गाडीनं मी पावणेआठला पोचायचे. आता सव्वासहाची बस चुकली की दुसरी साडेसातनंतर, आणि पहिलीही कधी कधी येतच नाही. अपघातापासून पाच वेळा उशीर झाला. तीन उशिरांना अर्धा दिवस कापतात. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "हिंगोलीतच खोली बघ ना. तुला इथं कोण अडवून ठेवतंय?"

पूर्ण पैसे मिळाले तर तशीच जुनी गाडी येईल आणि मी बाबांच्या घरात राहीन. नाही मिळाले तर दाराला कुलूप लावून हिंगोलीला जावं लागेल. प्रश्न एवढाच आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

दिवसभर एकाच गोष्टीचा विचार केला. ते वीस रुपये भाडं होतं का?

बाबा गेल्यानंतर महिन्याभरानं जनकाबाई दारात आल्या. म्हणाल्या, "गुरुवारी मला हिंगोलीला हृदयाच्या डॉक्टरकडं जायचं असतं. तुझ्यासंगं येऊ का? ही पद्मा बी येईल सोबतीला." तेव्हापासून दर गुरुवारी त्या दोघी. उतरताना जनकाबाई गियरपाशी वीसची नोट ठेवायच्या. त्यांचं बघून पद्माबाईही. पहिल्या वेळी मी "नको" म्हटलं तर जनकाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा म्हटलं नाही.

भाडं नसावं असं वाटायला लावणारी गोष्ट : जीपवाले एका माणसाचे साठ घेतात.

भाडं असावं असं वाटायला लावणाऱ्या गोष्टी : नोट दर वेळी, न चुकता. कधी उधार नाही, कधी विसर नाही. शिवाय जनकाबाई माझ्या बाटलीतलं पाणी कधी प्यायल्या नाहीत. स्वतःची छोटी बाटली घरून आणायच्या. मी तिकडं लक्ष नसल्यासारखं करायचे. त्यांचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, आमचं बुद्धविहाराच्या शेजारी. कोणाचे उपकार अंगावर राहू नयेत म्हणूनही माणसं पैसे देतात. ते मला कळतं.

मला ही गोष्ट जनकाबाईंना विचारता येईल. पण त्या "भाडंच होतं" म्हणाल्या तर कंपनी बरोबर ठरेल, आणि वर्षभर मी फक्त एक स्वस्त जीप चालवत होते असं होईल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. मी तिच्यावर पिशवी ठेवली. मग उचलून मांडीवर घेतली. कोणी येणार नव्हतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सोमेश्वर घरी आला. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यानं पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. मजकूर तयार होता : आम्ही सदर वाहनातून कोणतीही रक्कम न देता प्रवास केला.

"जनकाबाईंचा अंगठा घ्या, पद्माबाईंची सही घ्या, आन् तुमी एक पत्र द्या का रकाना चौदा चुकून भरला. काम फत्ते."

"पण रक्कम दिली होती."

"ताई," त्यानं डोकं धरलं. "वीस रुपयाला रक्कम म्हनतात व्हय? चहाला बी पुरत न्हाई औंढ्यात."

"पुरतात."

"तुमच्यासंगं बोलायचं म्हंजे ना..." तो हसायला लागला, मग गंभीर झाला. "तुमचे बाबा बी असेच होते. माझ्या सातबाऱ्याची नक्कल अडली होती, एक सही नव्हती म्हणून. मी म्हनलं साहेब, द्या ना, ओळखीचा हाय. तर मलाच म्हनले, ओळखीचा हाय म्हणून तर पूर्ण करून आण."

मी स्टॅम्पपेपर परत दिला. त्यानं घेतला नाही. "राहू द्या. मन बदललं तर. महिन्याभरात संमतीपत्र तरी सही करून द्या. फाईल लई दिवस उघडी राहत न्हाई."

तो गेल्यावर पेपर कपाटात ठेवला. कोरा असता तर बरं झालं असतं. छापलेलं खोटं घरात ठेवणं मला जमत नाही. संध्याकाळी तो फाडला. शंभराचा स्टॅम्प होता. सोमेश्वरला शंभर रुपये फोनवरून पाठवले. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

पद्माबाई अंगणात भांडी घासत होत्या तिथं जाऊन बसले. आडवळणानं विचारलं, जनकाबाईंची तब्येत कशी आहे.

"प्लास्टर हाय अजून. वरून पाण्याची तकलीफ."

"नळाला पाणी नाही?"

"नळाचं न्हाई गं. पोटातलं. हृदयावर पाणी येतंय म्हणून डॉक्टरनं मोजून दिलंय ना तिला. दिवसाला एवढंच. ती बाटली घेऊन फिरते बघ, तिच्यावर खुणा केल्यात सुनेनं पेनानं. सकाळची एवढी, दुपारची एवढी."

९ तारखेच्या नोंदीतलं बाटलीचं वाक्य चुकीचं आहे. ही त्याची दुरुस्ती.

पद्माबाईंनी कढई उपडी टाकली. "तुझं खाणंपिणं कसं चाललंय? ह्या हप्त्यात धुणं दोनदाच दिसलं दोरीवर."

मी म्हटलं, ठीक चाललंय. लोकांच्या दोरीवरचं धुणं मोजायची सवय त्यांना आहेच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कंपनीकडे लेखी तक्रार करायचं ठरवलं आहे. तिच्यात सगळं नेमकं लिहायचं म्हणून आमच्याच खिडकीवरच्या संगणकात जनकाबाईंच्या भेटी काढल्या. त्यांचे हृदयाचे डॉक्टर आमच्याच इमारतीत बसतात. दुसऱ्याची नोंद अशी उघडून पाहणं बरोबर नाही, हे मला कळत होतं, तरी मी पाहिली.

भेट महिन्यातून एकदाच आहे. महिन्याचा दुसरा गुरुवार. वर्षभरात बारा. पण त्या माझ्या गाडीत जवळजवळ दर गुरुवारी होत्या. मी इमारतीसमोर सोडायचे आणि आत जायचे. बाकीच्या गुरुवारी त्या दोघी काय करायच्या, कुठं बसायच्या, दुपारी कशानं परत यायच्या, मी कधी विचारलं नाही.

म्हणजे दवाखान्याचं कारण अर्धं खरं होतं. त्यांना हिंगोलीला फिरायला आवडत असेल. हेही तक्रारीत लिहावं लागेल का? त्यानं माझी बाजू कमकुवत होईल. तरी कोणी विचारलं तर सांगेन.

भावसिंगकाका आमच्या रुग्णालयाचे रखवालदार. त्यांची माडीवरची खोली रिकामी आहे. ती बघून आले. खिडकीतून बसस्थानक दिसतं. काका म्हणाले, "पाच तारखेपर्यंत कोणाला देत न्हाई. तुम्ही सांगा मॅडम. इथं तुम्हाला कोणी तरास देणार न्हाई, कोणी येतबी न्हाई वर."

रविवार, २३ नोव्हेंबर

आज जनकाबाईंकडे गेले. झालेलं सगळं लिहिते, मला शोभत नाही तेही.

त्या ओट्यावर सुपात तूर निवडत होत्या. प्लास्टर निघालं आहे, पण डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता, त्यांचा नसल्यासारखा. मला पाहून उठायला लागल्या.

मी उभ्यानंच बोलले. "मावशी, तुम्ही ओरडायच्या आधीच मी गाडी वळवली होती. तुमच्यामुळे काही झालं नाही. हे मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही."

त्या खाली बसल्या. चार दाणे निवडले.

"दीड महिना," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दीड महिना झाला. मला वाटून राहिलं, तुझ्या बापाची, रत्नपालची, एवढी एकच वस्तू पोरीजवळ होती, ती म्या माझ्या तोंडानं मोडली. तुझ्या दारावरून जायला पाय उचलत नव्हता माझा. सून म्हने, आत्याबाई, जेवा. कशाचं जेवण."

मला वाटत होतं त्या माझ्यावर रागावल्या आहेत. मी तिथंच थांबायला हवं होतं. त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. पण पिशवीत तक्रारीचा कच्चा कागद होता आणि माझं सगळं लक्ष त्यात होतं. मी म्हणाले, "मावशी, एक विचारायचं होतं. तुम्ही उतरताना वीस रुपये ठेवायच्या, ते भाडं होतं का?"

"कशाचं भाडं?"

"गाडीचं. कंपनीच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं. मी लिहिलं की मोबदला घेतला."

त्यांचा हात सुपात थांबला. "तू लिहून दिलंस? का जनकाबाईनं भाडं दिलं?"

"भाडं नाही. मोबदला."

"त्यात काय फरक हाय गं?" आवाज चढला. "जीपवाला साठ घेतो. मी वीस रुपयांत हिंगोली गाठत होते व्हय? एवढी हलकी दिसले तुला?"

"नाही मावशी, मला फक्त..."

"पोरीच्या वाहनातून रिकाम्या हातानं उतरू नये. माझ्या आईनं लावलेलं वळण हाय ते. लेकीच्या बैलगाडीतून उतरली तरी ती बाई हातावर सुपारी का होईना, ठेवायची. तुझी आई असती तर तुला कळलं असतं. ते कागदावर घालायचं असतं का? साहेबाला दाखवायचं असतं?"

सूप उचलून त्या आत गेल्या. एका हातानं उचललं, थोडी तूर सांडली. दार लावलं नाही, लोटलं. सून बाहेर येऊन माझ्याकडे पाहून परत आत गेली.

सांडलेली तूर मी गोळा केली आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. तक्रारीवर साक्षीदार म्हणून त्यांचा अंगठा मागायचा राहिला. मागणारही नाही.

भाडं नव्हतं. हवं ते उत्तर मिळालं. मला मिळालेली गोष्ट मी कंपनीला भाडं म्हणून दाखवली, आणि ज्यांनी दिली त्यांनाच तसं सांगून आले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

काही नाही. बस वेळेवर आली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

तक्रार लिहून झाली. एकच पान. सातवा खर्डा. मजकूर असा :

रकाना चौदामधलं माझं उत्तर मी मागं घेत नाही. पैसे दिले गेले, हे खरं आहे. ते मोबदला नव्हते, हेही खरं आहे. लेकीच्या किंवा लेकीसारखीच्या वाहनातून उतरताना तिच्याजवळ काहीतरी ठेवायची आमच्याकडे रीत आहे. रक्कम जीपच्या भाड्याच्या एक तृतीयांश होती, मी ती मागितली नव्हती, नाकारली असता देणाऱ्या व्यक्तीस वाईट वाटले. फॉर्ममध्ये रीतीसाठी रकाना नव्हता, म्हणून जवळच्या रकान्यात लिहिले. ही माझी चूक आहे. कृपया पूर्ण रक्कम मिळावी. महिनाभरात निर्णय न झाल्यास विमा लोकपालाकडे जाईन.

जनकाबाईंचं नाव घातलं नाही. "शेजारील एक ज्येष्ठ महिला" एवढंच. 'लेकीसारखी' हा शब्द दोनदा काढला आणि दोनदा परत घातला. आता तसं म्हणायचा मला हक्क आहे का, ठाऊक नाही. पण तेव्हा ते खरं होतं आणि तक्रार तेव्हाची आहे.

सोमेश्वरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, लिहिलंय बराबर. पण साक्षीदाराबिगर हे कोण ऐकणार? तुमीच म्हनणार रीत हाय, आन् तुमीच म्हनणार ती तुमाला लागू हाय."

मी म्हटलं, साक्षीदार नाही.

"मग नुसती पाठवू नका. तक्रारी बघणारे साहेब येत्या मंगळवारी हिंगोलीच्या शाखेत येतात, महिन्यातून एकदाच. त्यांच्या हातात द्या. समोर बसून सांगा. तुमचं तोंड बघितलं तर त्यांना कळंल, ह्या बाईला खोटं बोलताच येत न्हाई." मग हळूच, "आन् संमतीपत्र संगं ठेवा. नाहीच जमलं तर तिथंच सही करून मोकळ्या व्हा."

संमतीपत्र नेणार नाही. जवळ असलं तर मी सही करेन.

मंगळवारची अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मॅडमनी कारण विचारलं, सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी?"

शनिवार, २९ नोव्हेंबर

संध्याकाळी पद्माबाई विरजण मागायला आल्या. मला वाटतं त्यांच्याकडे रोजच दही असतं, पण दिलं. वाटी घेऊन त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मंगळवारी जातीस म्हणे कंपनीत."

"कोणी सांगितलं?"

"सोमेश्वर म्हनला. पहिल्या बसनं का दुसऱ्या?"

"पहिल्या."

"हापिस खाली हाय का वर?"

"वरच्या मजल्यावर. एकोणीस पायऱ्या आहेत." पत्र आलं त्या आठवड्यात चौकशीला गेले होते तेव्हा मोजल्या होत्या.

"कठडा हाय का?"

"आहे."

"चढताना कोणत्या हाताला?"

मी आठवून सांगितलं, उजव्या. त्यांनी मान डोलावली, जणू परीक्षेत मी बरोबर उत्तर दिलं. पद्माबाईंना जिन्याचं एवढं काय पडलं आहे मला कळेना.

"बसायला बाकडं असंल की उभंच राहावं लागतंय?"

"खुर्च्या आहेत. तीन-चार."

"आन् तो साहेब. त्याला मराठी समजतं का?"

"समजतं. बोलतात हिंदीत."

"समजतं ना? मग झालं. बोलणारानं बोलावं, त्यानं ऐकावं." वाटी पदराखाली झाकून त्या निघाल्या. त्यांचं घर खालच्या अंगाला आहे. त्या गल्लीच्या वरच्या टोकाकडे चढत गेल्या.

गल्लीत माझ्या कामाची अशी चर्चा होते हे मला आवडत नाही. पण विचारलं तर खरं सांगावं लागतं. उद्या-परवा अजून कोणी विचारलं तर तेवढंच सांगेन आणि जास्त बोलणार नाही. तिथं माझं काय होईल ते एकटीनंच सोसायचं आहे, त्यात गल्लीला ओढायचं नाही. एकदा ओढून पाहिलं आहे.

तक्रारीच्या तीन प्रती, फॉर्मची झेरॉक्स, पॉलिसी, कंपनीचं पत्र, हे सगळं एका फायलीत लावलं. संमतीपत्र कपाटात वेगळं ठेवलं. बसचे सुटे काढून ठेवले, बायकांच्या एका अर्ध्या तिकिटाचे.

मंगळवार, २ डिसेंबर, सव्वासहाची पहिली बस.